काकाचं मौन आणि आत्याचा डोळा

आमच्या घरात सकाळचं सगळं बोलणं आत्या एकटीच करायची. काका सूर्य डोक्यावर येईपर्यंत तोंड उघडत नसे, आणि मला आत्या उघडू देत नसे. चूल पेटवताना ती चुलीशी बोलायची, "पेट गं बाई, का तू बी मौन धरलंय?" मग पिठाशी, मग उंबऱ्यात येऊन बसलेल्या कुत्र्याशी, आणि कुणीच उरलं नाही की काकाशी, जो उत्तर देणार नाही हे तिला पक्कं ठाऊक असायचं. बाहेर वाड्यात कोकरांचं बें बें चाललेलं, तव्यावर भाकरी पडल्याचा थपकन आवाज, आणि या सगळ्यावर आत्याचा आवाज. थंडीच्या दिवसांत न्याहारीला हुलग्याचं माडगं असायचं, गूळ घातलेलं, दाट, पितळीत घेऊन फुंकत फुंकत प्यायचं. मी अजूनही करते. सून नाक मुरडते आणि मग गुपचूप दुसऱ्यांदा घेते.

वडवणीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आमची चार घरांची वस्ती होती. आम्ही मेंढरंवाले. दिवाळी झाली की आई आणि आबा माझ्या धाकट्या भावाला आणि मोठा कळप घेऊन खाली तेलगावच्या अंगाला उतरायचे. तिकडच्या शेतांत रात्री मेंढरं बसवायची, शेतकऱ्याला खत मिळायचं आणि आपल्याला धान्य. पार होळीपर्यंत ते यायचे नाहीत. घरी उरायचो आम्ही तिघं: आबांची थोरली बहीण गोदाआत्या, जी नवरा गेल्यापासून आमच्यातच होती, आबांचा धाकटा भाऊ भिवाकाका, आणि मी. आमच्याकडे चाळीसेक मेंढरं राहायची, गाभण, म्हातारी, लंगडी आणि कोकरं. माझी शाळा सातवीनंतर दोन वर्षं सुटली होती. पुढं ती पुन्हा सुरू झाली, मी मास्तरीण झाले, पण ते नंतरचं. त्या दोन वर्षांत माझे मास्तर हे दोघंच, आणि दोघांचं एकमेकांशी एका गोष्टीवर पटेल तर शपथ.

काका मुळात मौन धरणारा माणूसच नव्हता. आमच्या पंचक्रोशीत त्याच्याइतक्या तोंडाचा दुसरा माणूस नव्हता. त्याचं लग्न त्या तोंडानंच राहिलं. मुलगी बघायला गेला, मुलगी पसंत, पोहे झाले, आणि निघताना मुलीच्या बापानं दावणीचा बैल दाखवला, तर काका म्हणाला, "याला खायाला घालता का नुस्ती ताकद दाखवता बे?" होणाऱ्या सासऱ्याला 'बे'! पाव्हणे आल्या पावली परत. आत्या ही गोष्ट दर पाहुण्याला सांगायची आणि काका मान खाली घालून हसायचा. पण तोंडापेक्षा वाईट होता तो राग. राग आला की हातात असेल ते फेकायचा. एकदा पिकात शिरणाऱ्या भुरीवर त्यानं काठी फेकली. भुरी म्हणजे आमची भुऱ्या रंगाची मेंढी, पोटुशी होती. काठी तिच्या मागच्या पायावर बसली, ती पडली ती पुन्हा उठलीच नाही. पोटातलं कोकरूही गेलं. त्या दिवशी काका वाड्यात तिच्याजवळ बसून असा रडला की आत्यासुद्धा गप्प बसली. मी आत्याला गप्प बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग तो कपिलधारला गेला. धबधब्याकडं उतरणाऱ्या वाटेवर तेव्हा एक महाराज राहायचे, वयस्कर, मोजकं बोलणारे. त्यांच्यापुढं काकानं सगळं सांगितलं आणि विचारलं, राग घालवायला काय करू. महाराज म्हणाले, राग एका दिवसात जात नाही, पायरी-पायरीनं जायचं. वर्षभर रोज उगवतीपासून सावली पायाखाली येईपर्यंत मौन, मनात नाम. खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. वर्ष पुरं झालं की ये, पुढची पायरी सांगतो. काका घरी आला तो जणू सरकारी नोकरी लागल्यासारखा छाती काढून आला. आत्या म्हणाली, "वरीसभर? तू? अरे तुझ्या तोंडाला येवढा याळ कुलूप लावलं तर गंजंल की!" पण तिनंच टकळीवर काळ्या लोकरीचा एक लांब, पीळदार दोरा कातून दिला. रोज सावली पायाखाली आली की काका त्या दोऱ्याला एक गाठ मारायचा. दोरा कमरेला गुंडाळलेला असायचा. लिहिता-वाचता येत नव्हतं ना त्याला, गाठ हेच त्याचं लिहिणं.

आणि आत्यानं त्याला छळला तरी किती! काकानं बोटं चोळून मीठ मागितलं की ती त्याच्या हातावर तंबाखू ठेवायची. भाकरीसाठी हात गोल फिरवला की म्हणायची, "काय रे, चाक पायजे व्हय?" काकाचे डोळे लाल व्हायचे, कानशिलं उडायची, पण तोंड बंद. मग दुपारी अंगणात उभा राहून आपल्या सावलीकडं बघत राहायचा. सावली पायाखाली आली रे आली की गाठ मारायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "आक्का, सकाळी मीठ मागितलं हुतं मी." आम्ही दोघी पोट धरून हसायचो. नंतर नंतर तोही हसायला लागला. आज वाटतं, महाराजांनी अर्धं काम केलं असेल तर अर्धं आत्यानं केलं, पण हे तेव्हा तिला सांगितलं असतं तर तिनं मलाच चुलीतलं लाकूड दाखवलं असतं.

मला काकाचं सगळं आवडायचं. शाळा सुटलेली मुलगी मी, वर्गातल्या मैत्रिणी आठवीत गेलेल्या, मला पुढं जायला इयत्ताच उरली नव्हती. काकाच्या पायऱ्या म्हणजे मला इयत्ताच वाटल्या. मी हट्ट धरला की मलाही शिकव. दुपारी लिंबाखाली बसून तो शिकवायचा. "पयली पायरी, नाव मोठ्यानं घ्यायचं. दुसरी, नुस्ते वट हलतील. तिसरी, वट बी न्हाई, मनातल्या मनात, डोळे झाकून. भाईर कसला बी आवाज आला तरी तिकडं जायाचं न्हाई, नावापाशीच ऱ्हायाचं." "आन् चवथी?" मी विचारायची. "चवथी मला बी ठावं न्हाई, सुभे. वरीस झालं की म्हाराज सांगतील." मी चार महिन्यांत तिसरीवर गेले आणि स्वतःवर भलतीच खूष होते.

आत्याची शाळा याच्या अगदी उलटी. तिला ना माळ, ना दोरा, ना पायरी. संध्याकाळी मेंढरं वाड्यात शिरायची तेव्हा ती दाराशी शेंगा सोलत बसलेली असायची. एकदा मान वर करायची, पुन्हा खाली घालायची आणि म्हणायची, "लंगडी ऱ्हायली वढ्यात." मी मोजायला लागायची, एक, दोन, तीन, आणि शेवटी खरंच एक कमी भरायचं, आणि ती खरंच लंगडी असायची, आणि खरंच ओढ्यात असायची. मी थक्क. "आत्या, कसं गं कळतं?" "मोजू नको. बघ. मोजनाऱ्याला आकडा दिसतो, मेंढरू दिसत न्हाई." मग ती माझी परीक्षा घ्यायची. माझं तोंड वाड्याकडं करायची, पटकन फिरवायची आणि विचारायची, "सांग, काळतोंडीच्या बाजूला कोन हुतं?" मला कधीच सांगता यायचं नाही. ती डोक्यात टप्पल मारायची. "डोळे हायेत का बटनं? मन कुटं गेलतं? आत्ता हितं काय हाय त्ये बघाया येवढं काय लागतंय?"

दुपारी दोघांची जुंपायची. काका म्हणायचा, "आक्का, तुझं बघनं मेंढरापुरतं. देवाचं काम येगळं हाय, त्येला साधना लागती." आत्या म्हणायची, "देव काय मेंढराच्या भाईर बसलाय व्हय रे? तुझा देव तुला वरसानं भेटनार. माझा आत्ता म्होरं बें बें करतुय." "एकदम कुनाला गावत न्हाई आक्का, हळूहळू जावं लागतं." "हळूहळू जाशील तवर गाडी निघून जाईल की." मग मला साक्षीला ओढायचे, आणि मी दर वेळी काकाच्या बाजूनं. "डोळे झाकून देव दिसत असता," आत्या माझ्याकडं बघून म्हणायची, "तर झोपल्याला मानसाला पयला दिसला असता." मला तिचा असा राग यायचा! ही अडाणी, हिला काय कळतंय, असं मला वाटायचं. चौदा वर्षांच्या पोरीला जगातली सगळी माणसं अडाणी वाटतात, एक तिचा गुरू सोडून.

परवा सुनेनं माझ्या फोनमध्ये ध्यानाचं काहीतरी घालून दिलं. एक गोड आवाजाची बाई सांगते, 'आत्ता या क्षणी तुमच्या आजूबाजूला काय आहे, फक्त ते पाहा.' मग घंटा वाजते आणि 'तुमची सलग सातवी सकाळ पूर्ण झाली' असं हिरव्या अक्षरात येतं. मला इतकं हसू आलं की सून धावत आली. अगं, म्हटलं, ही आत्याही आहे आणि काकाही, एकाच डबीत कोंबलेत. फक्त टप्पल तेवढी नाही.

काकाच्या दोऱ्यावर तीनशे साठ गाठी झाल्या होत्या. पाच उरल्या होत्या. आत्यानं कपिलधारला न्यायच्या पुरणपोळ्यांसाठी हरभऱ्याची डाळ निवडून ठेवली होती; वर वर कुरकुर आणि आतून तयारी, हा तिचा स्वभावच. त्या सकाळी मी वीस-बावीस मेंढरं घेऊन टेकाडाच्या उतरणीवर गेले होते. काका पलीकडच्या टेकाडावर कोकरांसाठी बाभळीचा पाला तोडत होता. मधे ओढा, आणि ओढ्याकाठी एकाचं ज्वारीचं रान. ज्वारी काढून झाली होती, पण मधे अवकाळी पडला आणि धसकटांना कोवळा हिरवागार फुटवा आला होता. मेंढरंवाल्याच्या घरात पोराला चालायला येण्याआधी हे शिकवतात: कापलेल्या ज्वारीचा कोवळा फुटवा म्हणजे इख. त्यात किराळ असते. मेंढरू चार तोंडं मारतं, फुगतं, तोंडाला फेस येतो आणि बघता बघता मरतं. रानाला काट्याचं कुंपण होतं, म्हणून मी निर्धास्त. कुंपणाला एका जागी भगदाड पडलं होतं. आत्या असती तर जाता जाता बघितलं असतं. मी बघितलं नाही, कारण मी तिसऱ्या पायरीवर होते. खडकावर मांडी घातली, डोळे मिटले आणि नामापाशी राहिले.

काकानं वरून पाहिलं. मेंढरं एकामागं एक भगदाडातून आत निघाली होती. एक गेलं की सगळी जातात, मेंढराची जातच तशी. त्यानं काठी दगडावर आपटायला सुरुवात केली. ठण्, ठण्, ठण्. मी ते ऐकलं, बरं का! हे मी आजवर फार थोड्यांना सांगितलंय. झोप लागली होती, ऐकूच आलं नाही, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं आणि मी वाटू दिलं. पण मला चांगलं ऐकू आलं होतं. कसला आवाज, म्हणून डोळे उघडणार होते, तोच मनात आलं, काका म्हणालाय, बाहेरचा आवाज आला तरी तिकडं जायचं नाही. आणि मी डोळे आणखी घट्ट मिटले. काका काठी आपटत होता मला उठवायला, आणि मी न उठून त्याची शिकवण पाळत होते. इतकी शहाणी मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही.

आणि मग हाळी आली. "हुर्र्र्र्र! हाऽऽ! सुभेऽऽ, किराळ! किराळ गं!" डोंगरानं तो आवाज उचलला आणि तीनदा परत टाकला. माझे डोळे उघडले तेव्हा समोर हिरव्या रानात काळी मेंढरं माना वर करून उभी होती. त्यांचं फुटव्यावरचं तोंड थांबलं होतं. काकाच्या हाळीवर ती वाढली होती. ती वळली, एकमेकांवर पडत, भगदाडातून परत बाहेर येऊ लागली. मी धावले, दगड मारले, ओरडले, रडले, काय काय केलं मला आठवत नाही. सगळी बाहेर आली, पण पुढं गेलेल्या तिघींनी खाल्लं होतं. लंगडी, एक तरणी मेंढी आणि काळतोंडी. काळतोंडीचे पाय लटपटायला लागले आणि ती माझ्यासमोर आडवी झाली.

काका ओढा उतरून, चढून, काटे तुडवत आला. हातात काठी होती. त्याचा चेहरा मी पाहिला आणि मला भुरी आठवली. मी जागच्या जागी खाली बसले, डोकं दोन्ही हातांत घेतलं. आता काठी बसणार, असंच मला वाटलं. काठी जमिनीवर पडल्याचा आवाज आला. डोळे किलकिले करून बघते तर काकानं काळतोंडीचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि तिच्या तोंडातला फेस तो धोतरानं पुसत होता. माझ्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. आणि तेवढ्यात खालून आत्या धापा टाकत आली. एका हातात पाण्याची कळशी, दुसऱ्या हातात पदरात बांधलेली गुळाची अख्खी ढेप. किराळीवर उतारा म्हणजे गुळाचं पाणी. तिनं गूळ दगडानं फोडला, कळशीत कालवला, आणि आम्ही तिघांनी मिळून तिन्ही मेंढ्यांची तोंडं उघडून ते पाणी घातलं. लंगडी अर्ध्या तासानं उठली. तरणी त्यानंतर. काळतोंडी उठली नाही. तिचं पंधरा दिवसांचं कोकरू घरी वाड्यात होतं.

आत्या इतक्या लवकर कशी आली हे मला नंतर कळलं. ती म्हणाली, "मी भाकर टाकत हुते. भिवाचा आवाज आला. सकाळच्याला, भिवाचा आवाज! म्या तवा तसाच ठेवला, गूळ उचलला, पळाले. दुसऱ्या कुनी हाळी दिली असती तर म्हनले असते, दे मेल्या, वरड." काका रोज सकाळी ओरडणारा माणूस असता, जसा तो पूर्वी होता, तर आत्यानं भाकरी पुरती भाजली असती आणि तिन्ही मेंढ्या गेल्या असत्या. हे तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, आणि कबूल केल्यावर जरा चरफडली.

पण त्या वेळी रानात आम्ही तिघं नुसते बसलो होतो. माझं रडणं थांबत नव्हतं. काकाच्या कमरेचा दोरा सुटून लोंबत होता. तीनशे साठ गाठी. माझ्या डोळे मिटण्यापायी गेल्या. आत्यानं ते पाहिलं आणि अगदी हळू, तिच्या आवाजात मी कधी न ऐकलेल्या मऊपणानं म्हणाली, "बोल भिवा आता. मोडलंच हाय तर बोल, मोकळा हो. पोरगी बघ कशी रडून ऱ्हायली." काकानं मान हलवली. नाही. त्यानं तोंड उघडलं नाही. मौन मोडलं होतं, दिवस मोजला जाणार नव्हता, गाठ पडणार नव्हती, तरी तो बोलला नाही. आम्ही काळतोंडीला तिथंच बांधाला खड्डा करून पुरलं. तो खणत होता, घाम गाळत होता, आणि मधेमधे स्वतःच्या सावलीकडं बघत होता. सावली आखडत आखडत त्याच्या पायाखाली आली. तेव्हा त्यानं खोरं ठेवलं, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "सुभे, सकाळपासनं काय खाल्लंस का गं?"

मला चालली असती काठी. शिव्या चालल्या असत्या. ते एक वाक्य मात्र सोसलं नाही. मी त्याच्या पायाला मिठी मारून जे रडले ते घरी येईपर्यंत रडत होते.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी आत्यानं युक्ती काढली. "अरे, कोन सांगायला जातंय? मी, तू, सुभी आन् मेंढरं. मेंढरं काय कपिलधारला येनार न्हाईत. म्हन, सावली पायाखाली आलती." काका म्हणाला, "आक्का, खोटं बोलायचं तर मंग वरीसभर गप कावून बसलो?" आत्यानं भांडी आपटली. पाच दिवसांनी पुरणपोळ्या बांधून आम्ही तिघं गेलो. वाटभर मी ठरवत होते की महाराजांना सांगायचं, चूक माझी, काकाचं वर्ष त्याला परत द्या. पण काकानं मला बोलूच दिलं नाही. सगळं सांगितलं, फक्त मी कुठं होते आणि काय करत होते ते सोडून. महाराज ऐकत राहिले. आत्याचा धीर सुटला, "म्हाराज, मंग काय मेंढरं मरू द्यायची हुती का? ही कसली साधना?" महाराजांनी काकाला विचारलं, "ओरडलास तेव्हा राग होता का?" काका खरोखर आठवत होता. मग म्हणाला, "न्हाई जी. रागाला याळच न्हवता." "आणि पोरीजवळ गेलास तेव्हा?" "तवा बी न्हाई. मेंढरू पडल्यालं दिसलं. मेंढरूच दिसलं जी." महाराज हसले. म्हणाले, आता पुढचं मी काय सांगू, तूच ठरव.

आम्ही पायऱ्या उतरून धबधब्याखाली गेलो. अवकाळीमुळं पाण्याचा इतका आवाज की ओरडून बोलावं लागत होतं. आत्या म्हणाली, "झालं बाबा! म्हाराजबी म्हनले. सुटलास!" काकानं कमरेचा जुना दोरा सोडून तिच्या हातात दिला. "आक्का, नवा कातून दे." "कावून रे?" ती किंचाळली, "आता कावून? राग गेला म्हनलास ना?" "एकदा गेला," काका म्हणाला. "तीनशे साठ दिस राखलं तवा एकदा जमलं. उद्या जमंल का कुनाला ठावं? उद्या पयला दिस."

मी पाण्याच्या तुषारात ओली होऊन उभी होते. परत पायऱ्या चढताना आत्या धाप लागून मधेच बसली, मला जवळ ओढलं. मला वाटलं, आता टप्पल. ती म्हणाली, "मला येक सांगायचं हाय, तुझ्या काकाला सांगू नको. मी तुझ्यायेवढी हुते तवा माझ्या डोळ्यादेखत लांडग्यानं कोकरू नेलं. मी तिकडंच बघत हुते, आन् दिसलं न्हाई मला. मन भलतीकडंच. बानं लई मारलं. त्या दिसापासनं रोज बघत आले. रोज. काय पयल्या दिशी दिसाया लागलं व्हय? तुला म्हनते, बघाया काय लागतंय. लागतंय गं बाई. लई वरसं लागत्यात." मग पदरानं तोंड पुसून उठली आणि वर जाऊन काकाशी तावातावानं भांडायला लागली की देव हळूहळू भेटत नसतो.

काळतोंडीचं कोकरू मी बाटलीनं वाढवलं. तो जुना दोरा आत्यानं काकाच्या घोंगडीच्या एका काठावर ठेवून दाभणानं टाचून टाकला. काकाचं वर्ष कधीच पुरं झालं नाही. दुसऱ्या खेपेला चार महिन्यांनी आत्यानं त्याला हसवलं आणि हसता हसता त्याच्या तोंडून "आगं आक्के" निघालं. तिसऱ्या खेपेला साप. मग कोणाचं तरी पोर विहिरीत डोकावत होतं. दर वेळी जुना दोरा घोंगडीच्या काठाला, नवा कमरेला. मी लग्न होऊन गेले, नोकरी लागली, माहेरी आले की विचारायचे, "काका, कितवा?" कधी म्हणायचा चाळीसावा, कधी दोनशेवा, पण बहुतेक वेळा हसून म्हणायचा, "पयलाच धर." घोंगडीचे चारही काठ भरले. राग मात्र मला त्याच्यात पुन्हा दिसला नाही. आत्या आधी गेली. मग काका वस्तीवरून वडवणीत आमच्या धाकट्या भावाकडं राहायला आला.

त्याच्या शेवटच्या आठवड्यात मी रजा काढून गेले. अंथरुणाला खिळला होता, डोळे तेवढे जागे. तरी सकाळी बोलायचा नाही. भाऊ म्हणाला, "आता कशाला, पण ऐकत न्हाई." मी खाटेजवळ बसले. सवयीनं डोळे मिटले आणि मनात नाम सुरू झालं. मग आठवण झाली आणि डोळे उघडले. त्याच्याकडं बघत राहिले. पांढरी खुंटं वाढलेली हनुवटी, छातीवरची घोंगडी, आणि काठावरच्या गाठींवरून हळूहळू सरकणारं त्याचं बोट. एका गाठीवर थांबायचं, पुढच्या गाठीवर जायचं. मी सगळी सकाळ तेच पाहिलं. मेंढरू हरवलं नाही ना, असं बघतात तसं. उन्हाची तिरीप खिडकीतून आत आली, भिंतीवरून खाली सरकली आणि नाहीशी झाली. आता त्याला सावली दिसत नव्हती, पण कळलं असावं. त्यानं मान वळवली.

"सुभे, खाल्लंस का गं?"

"न्हाई काका. बघत बसले हुते तुझ्याकडं."

"मंग आन हितं. जेव."

मी भाकरी-पिठलं घेऊन आले आणि त्याच्यासमोर खाली बसून जेवले. शेवटचा घास खाईपर्यंत त्याची नजर माझ्यावर होती.